डायलचे श्रेय बेल कंपनीचे नव्हे

माननीय संपादक,

आपल्या पुरवणीतल्या टेलिफोनच्या इतिहासावरील लेखात, आपोआप जोडणी करणारे एक्सचेंज बेल कंपनीने आणले, असे म्हटले आहे. ते चूक आहे. ते काम कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्रोजरचे. त्याच्या पेटंटवर उभी राहिलेली शिकागोची कंपनी १९०१ पासून 'ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक' या नावाने ओळखली गेली. स्ट्रोजरच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती आणि गिऱ्हाइकांचे फोन नवऱ्याकडे वळवायची, ही कथा मजेदार असली तरी सांगोवांगीचीच. पेटंट मात्र कागदावर आहे: क्रमांक ४,४७,९१८, तारीख १० मार्च १८९१.

पहिले एक्सचेंज ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियानातल्या ला पोर्ट गावी सुरू झाले. तिथे डायल नव्हतीच, बटणे अंकाइतक्या वेळा दाबायची. मोजणी चुकली की राँग नंबर. फिरवायच्या तबकडीसाठी कंपनीच्याच कीथ आणि एरिक्सन बंधूंनी १८९६ मध्ये पेटंटचा अर्ज केला.

डायल फिरवताना संकेत जातो, हेही लेखातले विधान उलटे आहे. बोटाने आपण फक्त स्प्रिंग ताणतो. तबकडी परत येताना सर्किट तुटत-जुळत जाते, सेकंदाला सुमारे दहा वेळा. ७ फिरवला तर सात वेळा, शून्याला दहा वेळा. तेवढ्या पायऱ्या सिलेक्टरचा, म्हणजे एक्सचेंजमधल्या लाइन निवडणाऱ्या यंत्राचा, दांडा वर चढतो आणि त्या ओळीतल्या दहा जागांवर आपणच फिरून मोकळी लाइन शोधतो. सगळ्या अडलेल्या असल्या की एंगेज टोन. शेवटच्या सिलेक्टरला मात्र दोन अंक लागतात: एकाने वर, दुसऱ्याने आडवे. दहा गुणिले दहा, म्हणजे शंभर ग्राहक.

म्हणूनच घाईत तबकडी बोटाने मागे ढकलली की नंबर चुकायचा. तबकडीचा वेग सांभाळणारा गव्हर्नर बिघडून वेग बदलला तर एक्सचेंजमधल्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) ठोके नीट पकडता येत नसत. संपर्कांवर धूळ बसली की बोलण्यात खरखर.

बेलवाल्यांना हे समजत नव्हते असे नाही. मोठ्या शहरांसाठी त्यांना वेगळी रचना हवी होती. पॅनेल पद्धतीचे त्यांचे एक्सचेंज १९२१ मध्ये ओमाहात चालू झाले. पण त्याआधी, ८ नोव्हेंबर १९१९ रोजी, व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये बेल सिस्टिमने पहिले मोठे स्वयंचलित एक्सचेंज उघडले, तेव्हा आतली यंत्रे ऑटोमॅटिक इलेक्ट्रिकचीच होती!

बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्येही स्ट्रोजर पद्धतीचीच यंत्रे बनत, आणि आपल्याकडचे जुने तंत्रज्ञ त्या एक्सचेंजला आजही 'स्ट्रोजर'च म्हणतात. लेखात हे नाव एकदाही आलेले नाही. पुढच्या भागात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे