बाष्प हे व्याज, मुद्दल नव्हे

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, पृथ्वी उबदार ठेवण्यात सगळ्यात मोठा वाटा पाण्याच्या वाफेचा आहे, कार्बन डायऑक्साइड हवेत दहा हजारांत जेमतेम चार भाग. मग कोळसा आणि मोटारींच्या नावानं एवढी बोंब कशाला? मी 1981 ते 2014 अशी 33 वर्षं हवामान निरीक्षकाची नोकरी केली. त्यातला निम्मा वेळ हवेतलं बाष्प मोजण्यात गेला. त्यामुळे बाष्पाची बाजू घेणारं कुणीतरी भेटलं याचा मला आनंदच झाला. पत्रातलं पहिलं विधान खरं आहे, दुसरंही खरं आहे. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकलाय.

आमची पांढरी लाकडी पेटी अनेकांनी पाहिली असेल. छातीइतक्या उंचीवर, चारी बाजूंनी झडपा, आणि दार उत्तरेला, म्हणजे उघडताना तापमापकावर ऊन पडत नाही. आत दोन तापमापक शेजारी-शेजारी. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं आणि त्याची वात खाली पाण्याच्या कुपीत सोडलेली. फडक्यातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला तापमापक कमी दाखवतो. हवा जितकी कोरडी तितकं दोघांतलं अंतर जास्त. एप्रिलच्या दुपारी कोरडा 40 आणि ओला 21 असं सहज मिळायचं, तर जुलैच्या झडीत 24 आणि 23. नोकरीतल्या पहिल्याच उन्हाळ्यात कुपी आटली होती ते माझ्या ध्यानात आलं नाही. दोन्ही तापमापकांवर एकच आकडा. मी निमूट वहीत लिहिलं, आर्द्रता शंभर टक्के. आमच्या वरिष्ठांनी वही पाहिली, चष्मा वर केला आणि म्हणाले, ''जरा बाहेर जाऊन बघा हो, पाऊस पडतोय का?''

तर मुद्दा असा. वीस अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅम बाष्प मावतं, तीस अंशांला 30 ग्रॅम, चाळीसला 51. म्हणजे हवा तापत जाते तसं दर अंशाला साधारण 6-7 टक्के बाष्प जास्त मावू लागतं. त्याच्यावर गेलं तर दव पडतं, धुकं येतं, ढग बनतात, पाऊस येतो. हवेत शिरलेल्या बाष्पाचा मुक्काम सरासरी 9-10 दिवसांचा. उद्या सगळ्या महाराष्ट्रानं चुली पेटवून पाणी उकळलं, तरी पंधरवड्यात ते कुठे ना कुठे पाऊस होऊन खाली आलेलं असेल. हवेत बाष्प किती राहायचं हे हवेचं तापमान ठरवतं. बाष्पाचं त्यात काही चालत नाही.

घरात ताडून पाहायचं असेल तर गार पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवा आणि पहिल्या मिनिटात त्याचं बूड बघा. बाहेरून घाम आल्यासारखे थेंब दिसतात. पातेलं गळत नाही. ते पाणी जळणाऱ्या गॅसमधून तयार झालेलं असतं. 14.2 किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत जवळजवळ 22 किलो पाणी आणि 43 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो (वजन वाढतं, कारण प्राणवायू हवेतला वापरला जातो). त्यातलं 22 किलो पाणी दहाएक दिवसांत जमिनीवर परत येतं. उरलेल्या 43 किलोंचं काय? तो पाऊस होऊन पडत नाही. काही झाडं घेतात, काही समुद्र मुरवतो, पण आपण दरवर्षी हवेत सोडतो त्यातला जवळपास निम्मा हवेतच साठत जातो. आणि त्यातलाही काही हिस्सा हजारो वर्षं राहतो. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या एक लाख भागांत हा वायू 28 भाग होता. हवाई बेटांतल्या मौना लोआ डोंगरावर 1958 साली मोजणी सुरू झाली तेव्हा 31 च्या वर, आणि आता 42. शाळेत आम्ही त्याला कर्बद्विप्राणिल वायू म्हणायचो. नाव लांबलचक आणि प्रमाण नगण्य, अशीच तेव्हा समजूत होती.

लाखात 42 म्हणजे काहीच नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी बादलीभर पाण्यात नीळ टाकून बघावी. चार थेंबांत सगळी बादली निळी होते, कारण पाणी स्वतः उजेड अडवत नाही. कोरड्या हवेतले नायट्रोजन, ऑक्सिजन आणि अरगॉन मिळून 99.9 टक्के होतात, आणि जमिनीतून वर जाणारी उष्णता यांतला कुणीच अडवत नाही. अडवतात ते बाष्प आणि कार्बन डायऑक्साइडसारखे थोडके वायूच.

बाष्प अडवतं, आणि भरपूर अडवतं. हे निफाडकरांना पुस्तकातून सांगायला नको. माझ्या पुतण्याची द्राक्षबाग आहे. जानेवारीत आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की पहाटे पारा 4-5 अंशांवर उतरतो. मग मध्यरात्रीपासून बागेत शेकोट्या आणि पहाटे पाणी. त्याच रात्री रत्नागिरीत पंखा लावून झोपलेले असतात. समुद्राचाही हात आहे त्यात, पण ओल्या हवेचा वाटाही मोठा. पुतण्याचा फोन येतो, ''काका, आभाळ आलंय, आज शेकोटी नको ना?'' मी म्हणतो, थंडीसाठी नको, पण डाऊनी बुरशीसाठी फवारणीची तयारी ठेव. जॉन टिंडल या शास्त्रज्ञानं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता किती शोषतात ते 1859 पासून लंडनमध्ये मोजलं. त्यांनीही हेच सांगून ठेवलंय की, इंग्लंडच्या हवेतलं बाष्प उन्हाळ्यातल्या एका रात्रीपुरतं जरी काढून घेतलं तरी गारठ्यानं कोवळी पिकं मरतील. एका रात्रीचा हिशोब असेल तर बाष्पाचंच राज्य, हे मी बिनशर्त मान्य करतो.

शंभर वर्षांचा हिशोब वेगळा. बाष्प जमिनीलगत दाटलेलं असतं. फुग्याला बांधून वर सोडलेल्या यंत्राचे आकडे पाहिले की कळतं, आठ-दहा किलोमीटरवर हवा उणे तीस-चाळीस अंशांची आणि जवळजवळ कोरडीठाक. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण मात्र तिथेही लाखात 42 च. पृथ्वीची उष्णता अवकाशात निसटते ती बरीचशी याच वरच्या थरांमधून, आणि तिथे पहाऱ्यावर बाष्प नाही. 'खाली बाष्पानं सगळी उष्णता अडवलेलीच आहे, आणखी कर्बवायूनं काय फरक पडणार' असं जे म्हणतात, त्यांनी वरच्या मजल्यावर जाऊन पाहिलेलं नसतं.

नासाच्या गोडार्ड संस्थेतल्या अँड्र्यू लेसिस आणि सहकाऱ्यांनी 2010 साली संगणकावर एक प्रयोग केला. बाष्पाला हात लावला नाही. कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्यासारखे, हवा गार झाली तरी बाष्पासारखे थेंब होऊन न गळणारे वायू तेवढे हवेतून काढले. बाष्पच मुख्य असेल तर फार बिघडायला नको होतं. पण हवा गार होत गेली, तसं बाष्प गळत गेलं, तशी हवा आणखी गार. पन्नास वर्षांत पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 21 अंश आणि बाष्प मूळच्या दहाव्या हिश्शावर.

संगणकावर विश्वास नसेल तर निसर्गानंही हा प्रयोग करून दाखवलाय. जून 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेपेक्षा गंधकाच्या धुरक्यानं ऊन अडवलं आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वी सुमारे अर्धा अंश गार झाली. उपग्रहांनी मोजलेलं बाष्पही तसंच उतरलं, आणि धुरकं निवळल्यावर तापमानाबरोबर पुन्हा चढलं. बाष्प तापमानाच्या मागून चालतं, हे त्या दोन-तीन वर्षांत उघड दिसलं.

आमच्याकडे सावकारीचा व्यवहार सगळ्यांना कळतो, म्हणून तसं सांगतो. कार्बन डायऑक्साइड मुद्दल आहे आणि बाष्प व्याज. कर्बवायूनं हवा थोडी तापते, त्यामुळे बाष्प वाढतं, ते आणखी तापवतं. होता होता मूळची वाढ जवळजवळ दुप्पट होते. व्याज मुद्दलाएवढं झालं म्हणून कर्ज व्याजापासून सुरू झालं, असं कुणी खातेदार म्हणत नाही. म्हणजे पत्रलेखकांनी कर्बवायूच्या बचावाला आणलेला साक्षीदार खरं तर त्याच्या विरोधात बोलतो.

जाता जाता एक तक्रार आपल्याबद्दल. त्या पत्राशेजारी 'कर्ब उत्सर्जन' म्हणून छापलेलं चित्र वीज केंद्राच्या मोठ्या, कंबरेत आवळलेल्या मनोऱ्यांचं होतं. ते पाणी गार करायचे मनोरे. त्यांतून निघणारा पांढरा लोट म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. बाष्प दिसत नाही आणि कार्बन डायऑक्साइडही दिसत नाही. तो त्याच चित्रात डावीकडे, अर्धवट कापली गेलेली उंच सडपातळ चिमणी आहे ना, तिच्यातून निघत होता. पुढच्या वेळी चित्र कापताना ती ठेवावी.

आपला,
एक निवृत्त हवामान निरीक्षक
ता. निफाड, जि. नाशिक