त्या दोन अनोळखी पायलटांना
ईव्ह ऑनलाइन या अंतराळजहाजांच्या ऑनलाइन गेममधला माझा पहिलाच आठवडा. ऑटोपायलट लावून मी सिडकोतल्या घरी चहा ठेवायला उठलो. परत येतो तर जहाज गायब, मी नुसता पॉडमध्ये (जहाज फुटल्यावर पायलट उरतो ती छोटी कुपी)! जिटाला, म्हणजे गेममधल्या मोठ्या बाजारपेठेत, विकायचा सगळा माल गेला.

चॅटवर रडगाणं गायलो, तेव्हा तुम्ही दोघं हसला नाहीत (घरचे मात्र पोट धरून हसले). ऑटोपायलट गेटच्या (पुढच्या तारामंडळात नेणाऱ्या दाराच्या) काही किलोमीटर अलीकडेच सोडतो, उरलेलं अंतर रांगत कापताना लुटारू गाठतात, हे तुम्ही समजावलंत. हाय-सेकमध्ये, म्हणजे गेममधल्या जास्त सुरक्षित भागात, पोलीस येतात, पण शिक्षा करायला, वाचवायला नाही. गमावणं परवडेल तेच जहाज उडवायचं. वर नव्या जहाजापुरते आयएसकेही (गेममधले पैसे) पाठवलेत.

खरी नावं विचारायची राहूनच गेली. मनापासून आभार. नाशिकला आलात तर मिसळ माझ्याकडून, तर्री हवी तेवढी.