गुण वाढले, पण मेंटॉरला काय कळलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानावर केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या शाळांना भेटी देऊन शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्यांच्या, प्रशिक्षणाची बातमी वाचली. उत्तरचाचणीत, म्हणजे प्रशिक्षण संपताना घेतलेल्या चाचणीत, सगळ्यांचे गुण वाढले, म्हणजे प्रशिक्षण यशस्वी झालं, असा तिचा सूर होता. मी अकरा वर्षं केंद्रप्रमुख होतो. त्यातली काही वर्षं सुलभक म्हणून प्रशिक्षण दिलंही. हे गुण कसे वाढतात ते मी आतून पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

पहिल्या दिवशी सकाळी चहा यायच्या आधी ग्रुपवर गुगल फॉर्मची लिंक येते. दहा प्रश्न, ‘पुढीलपैकी कोणता गुण चांगल्या मार्गदर्शकाचा नाही?’ या धाटणीचे. शेवटच्या दिवशी साडेचार वाजता तेच दहा प्रश्न, त्याच क्रमाने. तोवर लोकांनी पिशव्या आवरलेल्या असतात, एसटीची वेळ झालेली असते. आपल्या गटाचे गुण कमी दिसलेले सुलभकालाही नको असतात. मग ‘सातवा प्रश्न जरा नीट वाचा हं’ असं कुणीतरी मोठ्याने म्हणतं. तसं म्हणणाऱ्यांत मीही होतो.

प्रशिक्षणार्थी म्हणून मला स्वतःला एकदा दहापैकी दहा मिळाले. पुढच्याच आठवड्यात एका वाडीवरच्या शाळेत गेलो, पाऊण तास पाठ पाहिला आणि शेरेबुकात लिहिलं, ‘अध्यापनात शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा.’ त्या महिन्यात आणखी चार शाळांत मी हेच वाक्य लिहिलं होतं. बाईंना एकही प्रश्न विचारला नाही. ‘मार्गदर्शकाने आधी ऐकून घ्यावे’ या विधानापुढे मात्र मी बरोबरची खूण केलेली होती!

केंद्रप्रमुख हे पद १९९४ मध्ये आलं. साधारण दहा शाळांमागे एक माणूस, आणि त्याने शिक्षकाच्या पाठीशी उभं राहायचं, ही कल्पना. आता त्यालाच मेंटॉर म्हणतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० च्या परिच्छेद १५.११ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शन अभियान आहे. तिथे ते महाविद्यालयीन अध्यापकांपुरतं होतं. पुढे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने शालेय शिक्षकांसाठीही ते हाती घेतलं. त्याच धोरणाने शिक्षकांना वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा घातली आहे. म्हणजे प्रशिक्षणं वाढणार, उत्तरचाचण्याही वाढणार. निदान त्या नीट तरी घेऊ या.

प्रशिक्षणाची पारख कशी करावी याच्या चार पायऱ्या अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, त्यांचं वागणं बदललं का, आणि त्याचं फळ दिसलं का. आपल्याकडे अभिप्राय फॉर्मवर ‘उत्कृष्ट’ आलं की पहिली पायरी झाली. दुसरी वर सांगितलेल्या चाचणीवर भागते. तिसरीकडे कुणी फिरकत नाही.

दुसरी पायरी तरी खरी कशी तपासायची? व्याख्या विचारू नका, प्रसंग द्या. उदाहरणार्थ, द्विशिक्षकी शाळा, नवीन शिक्षणसेवक, तिसरीचा वर्ग. हातच्याची वजाबाकी चालू आहे आणि मुलं फळ्यावरचं वहीत नुसतं उतरवत आहेत. तास संपतो, शिक्षक तुमच्याकडे बघतो. तुमचं पहिलं वाक्य काय असेल? पाच ओळींत लिहा. उत्तरात केंद्रप्रमुख आधी विचारतो की थेट सांगायला लागतो, एका गोष्टीवर थांबतो की सात सूचना देतो, पाहिलेल्या पाठाबद्दल बोलतो की कुठेही चालेल असं काही, हे लगेच दिसतं. उत्तरं दोघांनी तपासावीत. नाव झाकलेलं असावं, आणि उत्तर प्रशिक्षणाआधीचं की नंतरचं हेही त्यांना कळू नये.

‘स्वतःला किती गुण द्याल?’ या तक्त्याची गंमत वेगळीच. एका प्रशिक्षणाआधी मी ‘शिक्षकाशी संवाद’ यात स्वतःला पाचपैकी पाच दिले. संवाद म्हणजे काय हे तिथे कळल्यावर शेवटी तीन दिले. कागदावर प्रशिक्षणाने मला दोन गुणांनी बिघडवलं! प्रत्यक्षात तीच त्या तीन दिवसांतली सगळ्यात मोठी कमाई होती. यावर साधा उपाय आहे. शेवटच्या दिवशी दोन्ही विचारावं: आज किती, आणि आता मागे वळून पाहता आधी किती होता?

पण गुण खरंच वाढले, तरी ते प्रशिक्षणानेच वाढले हे कशावरून? अमेरिकेत संशोधन-मार्गदर्शकांवर झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ वैद्यकीय संस्थांतल्या मार्गदर्शक आणि त्यांच्या हाताखालचे नवे संशोधक अशा २८३ जोड्या घेतल्या, आणि कुणाला आठ तासांचं प्रशिक्षण द्यायचं, कुणाला नाही, हे यादृच्छिक पद्धतीने, चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरवलं. प्रशिक्षित मार्गदर्शकांची स्वतःच्या कौशल्याची नोंद दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढली. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: त्यांच्या हाताखालच्या संशोधकांनाही विचारलं, आणि मार्गदर्शकाचं वागणं बदलल्याचं त्यांनीही जास्त प्रमाणात सांगितलं. आपल्याकडे शिक्षकाला कुणी विचारत नाही की बाबा, तुझे केंद्रप्रमुख आता वेगळं वागतात का. विचारलं तर तो निनावीच सांगेल, हे उघड आहे, कारण तेच साहेब त्याचा अहवालही वर पाठवतात.

असा प्रयोग आपल्याला जवळजवळ फुकट करता येईल. आपली प्रशिक्षणं टप्प्याटप्प्यानेच होतात. पहिला टप्पा झाला तरी निम्म्या तालुक्यांची पाळी यायची असते. पहिल्या टप्प्याचे लोक चाचणी देतील त्याच दोन दिवशी दुसऱ्या टप्प्याच्या यादीतल्यांनाही ती द्या. त्यांचेही गुण तितकेच वाढले, तर ती सवयीची किंवा व्हॉट्सअॅपची करामत समजावी. कोण कुठल्या टप्प्यात, हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर हौशी तालुके पहिले येतात आणि तुलनाच बिघडते. तीन महिन्यांनी, शिक्षण परिषदेच्या म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीच्या दिवशी, पुन्हा एक प्रसंग सोडवायला द्या. शेरेबुकंही उघडा: एकच वाक्य किती शाळांत लिहिलंय ते मोजायला अर्धा तास लागतो.

यावर एक हरकत येईल, आणि ती रास्त आहे. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि रोजच्या तातडीच्या टपालातून केंद्रप्रमुखाला पाठ पाहायला वेळ उरतोच कुठे? कळलं तरी तो करणार कधी? बरोबर आहे. पण म्हणूनच कळलं की नाही हे वेगळं मोजायला हवं. कळूनही वळत नसेल, तर त्याला पुन्हा तीन दिवस सभागृहात बसवण्यापेक्षा त्याच्या डोक्यावरचं टपाल कमी करणं स्वस्त पडेल.

पुढच्या टप्प्याच्या याद्या निघायच्या आहेत असं ऐकतो. प्रसंगांवरचे प्रश्न हवे असतील तर माझ्या जुन्या डायऱ्यांत चाळीसेक तरी आहेत, सगळे माझ्या स्वतःच्या चुकांवरून. डाएटने (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने) मागितले तर आणून देईन.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, सातारा जिल्हा