कोबीचा पाला बांधावर टाकू नका

महोदय,

सांगोला तालुक्यात आमची दोन एकर 'भगवा' डाळिंबाची बाग. तीन वर्षांपूर्वी त्यातली एकरभर आम्हाला उपटावी लागली. झाडं दुपारी माना टाकायची, पाला पिवळा पडायचा, फळ लिंबाएवढंच राहायचं. पाणी कमी पडतंय म्हणून आम्ही ड्रिप जास्त वेळ चालवत राहिलो. शेवटी ह्यांनी एका झाडाची मुळी बादलीत धुऊन माझ्या हातावर ठेवली. बारीक मुळ्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, एकीला एक लागून. सूत्रकृमी! मातीतली, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी धाग्यासारखी कृमी. ती मुळीला जखम करते आणि तिथूनच झाड वाळवणाऱ्या मर रोगाची बुरशी आत शिरते.

सासऱ्यांच्या काळी लागवडीच्या खड्ड्यात फोरेट या जहाल विषारी कीटकनाशकाचे दाणे टाकत, तेही उघड्या हातांनी. 31 डिसेंबर 2020 पासून देशात फोरेटच्या वापरावर बंदी आहे. बंदी झाली ते बरंच झालं, पण त्याच्या जागी काय करायचं हे आमच्या शिवारात कुणी सांगायला आलं नाही.

शेजारच्या मळ्यात कोबी निघाला की बाहेरच्या पानांचे ढीग बांधावर सडतात. तोच पाला आम्ही आणला. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकाडोळ्यांत झणका जातो ना, मोहरीच्या कुळातल्या कोबी-फ्लॉवरचा पाला ठेचला आणि ओला झाला की त्याच जातीचा वायू सुटतो. मातीत कोंडला तर तो सूत्रकृमीला मारक ठरतो. मोहरीत जोर जास्त, कोबीत कमी. पण कोबीचा पाला फुकट आहे.

एप्रिलमध्ये दोन फुटी खड्डे घेतले. ताजा पाला कडबाकुट्टीतून काढून त्याच दिवशी प्रत्येक खड्ड्यात दोन पाट्या मातीत कालवला, भरपूर पाणी दिलं आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबल्या. वाळलेला पाला चालत नाही, आणि कुट्टी करून रात्रभर ठेवला तरी वायू उडून जातो. महिन्याने प्लास्टिक काढलं तेव्हा वास असा की पोरं तिकडे फिरकेनात. पुढे पंधरा दिवस खड्डे उघडे ठेवले, मग निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) घालून रोपं लावली.

खात्री कशी केली तेही सांगते. आधीची आणि नंतरची माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरून टोमॅटोची रोपं लावली. दीड महिन्याने उपटली. आधीच्या मातीतल्या मुळ्या गाठींनी भरलेल्या; नंतरच्या मातीत पाचांपैकी एकाच रोपाला गाठी, त्याही मोजक्या. म्हणजे कीड संपली नाही, पण नव्या रोपाला मुळी धरायला सवड मिळाली. ही परीक्षा कुणालाही घरी करता येईल. मात्र बागेत आंतरपीक म्हणून टोमॅटो, वांगी, भेंडी घेऊ नका, सूत्रकृमीला ती फार मानवतात. झेंडू लावा. त्यातही काम करते ती झेंडूची जिवंत मुळी, दसऱ्याचे सुकलेले हार गाडून तो गुण येत नाही.

एक कळकळीची सूचना. हा उपाय लागवडीआधीचा आहे. उभ्या झाडाच्या बुंध्याशी ताजा पाला गाडू नका. तो कुजताना उष्णता होते आणि वायू झाडाच्याही मुळीला पोळतो. आमच्या जुन्या एकरातली दोन झाडं याच घाईने गेली, त्याचं वाईट वाटतं. रोपं घेतानाही पिशवी फाडून मुळी बघा. आमच्याकडे ही कीड रोपवाटिकेच्या पिशवीतूनच आली, असं मला आज वाटतं.

बाजार समित्यांना विनंती आहे, की कोबी-फ्लॉवरचा पाला प्लास्टिक आणि इतर कचऱ्यात मिसळू न देता आवाराच्या एका कोपऱ्यात वेगळा टाकायला लावा. सकाळी माल घेऊन गेलेले आमच्या भागातले टेम्पो दुपारी रिकामेच परततात. लागवडीच्या दिवसांत ते पाला भरून आणतील.

— एक डाळिंब उत्पादक शेतकरी महिला, ता. सांगोला, जि. सोलापूर