गुरवकाका, डाव्या कौलाबद्दलही आभार

गुरवकाकांना,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या गावातली झाडं, प्राणी आणि त्यांविषयी लोकांना असलेली माहिती लिहून ठेवणारी लोक जैवविविधता नोंदवही पूर्ण झाली. गावाच्या जैवविविधता समितीच्या बैठकीत ती वाचून दाखवली तेव्हा तुम्ही मागच्या रांगेत बसला होतात आणि चहा यायच्या आत निघूनही गेलात. पहिल्या पानावर आमच्या कॉलेजचं नाव आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचं बोधचिन्ह आहे, सरांची सही आहे. तुमचं नाव आत कुठेतरी, माहिती देणाऱ्यांच्या यादीत. ते मला खटकलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे. इतरांना पुढे कळेल.

खरं सांगायचं तर आम्ही आलो ते सेवा योजनेच्या तासांसाठी. वर्षाला १२० तास भरायचे, सात दिवसांचं शिबिर करायचं, प्रमाणपत्र घ्यायचं. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ही योजना सुरू झाली, तेव्हापासून पोरं गावोगावी जाऊन श्रमदान करतायत. बंधारा बांधतात, पथनाट्य करतात, शेवटच्या दिवशी रडतात आणि परत जातात. गावालाही त्याची सवय झालेली असते. तुमच्या ग्रामपंचायतीत तर आधीची एक नोंदवहीही होती. २००२ च्या जैवविविधता कायद्याने अशी नोंदवही करायची, आणि हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर जी धावपळ झाली, तिच्यात कुणीतरी ती भरून दिलेली. तुम्ही ती चाळलीत आणि एका झाडावर बोट ठेवून विचारलंत, ‘हे कुठल्या वाडीत आहे?’ ते झाड गावात नव्हतंच.

त्यावर तुम्ही आम्हाला हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं. पण तुम्ही म्हणालात, आधी आईला विचारू.

वाघजाईसमोर तुम्ही गाऱ्हाणं घातलंत. कॉलेजची पोरं आलीत, झाडांची नावं लिहिणार, फांदी तोडणार नाहीत, त्यांना सांभाळून घे. आणि मागे उभ्या मानकऱ्यांचं ‘व्हय म्हाराजा’. मग कौल: देवीला लावलेली उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पाकळी पडायला इतका वेळ लागला की आमच्यातला एक जण मोबाइलमध्ये वेळ बघू लागला. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, कौलावर माझा विश्वास नाही, हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं. पण परवानगी मागायची असते, आणि ती नाकारलीही जाऊ शकते, हे आमच्या शिबिराच्या आराखड्यात कुठेच नव्हतं.

त्यानंतर तुम्ही देवीच्या नावाने राखलेली राई, म्हणजे देवराई, दाखवलीत. बेहडा, आईन, किंजळ, सातवीण, आणि त्या दोन झाडांना कवेत घेऊन बसलेली गारंबीची वेल, जिची हातभर लांब शेंग बघून मुलं फोटो काढत सुटली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, हे आम्ही परीक्षेत लिहिलं होतं. आजूबाजूचा डोंगर जळाऊ लाकडासाठी पुन्हा पुन्हा तुटत गेला आणि ही एवढीच झाडी का उरली, ते मात्र तुमच्यामागून चालताना कळलं. वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, एवढा कडक नियम.

आणि मुलींनी आतल्या भागात यायचं नाही, हाही नियम. काका, तो मला पटला नाही, आजही पटत नाही. आभाराच्या पत्रात हे लिहू नये म्हणतात, पण तुमच्याशी गोड बोलून काही मिळत नाही हे मी पाहिलंय. आम्ही मुली सहाणेपाशी, पालखी टेकवायच्या दगडी चौथऱ्यापाशी, थांबलो, तेव्हा काकूंनी आम्हाला घरी नेलं. कुळथाची पिठी आणि भात जेवता जेवता वाडीतल्या बायका जमल्या, आणि रानभाज्या, बाळंतिणीची औषधं, गुरांचे उपचार असं जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत. नोंदवहीतला सर्वांत जाड भाग तोच आहे. मुलांना राईत जेवढी झाडं मिळाली, त्याहून जास्त आम्हाला ओटीवर मिळाली, हे आमच्या गटात अजून भांडणाचं कारण आहे.

आता त्या डाव्या कौलाविषयी. धनेश पक्ष्याच्या ढोलीचं झाड आणि नरक्याची झाडं नेमकी कुठे आहेत, ते नकाशावर दाखवायचं म्हणून आम्ही जीपीएस घेऊन आलो. तुम्ही पुन्हा कौल लावलात. डावा. परत लावलात, परत डावा. आमचा एक मित्र चिडला, माहिती अपुरी राहील म्हणाला. तुम्ही वाद घातला नाहीत. नरक्याचं लाकूड कर्करोगाच्या औषधातल्या घटकासाठी कसं तोडून नेलं जातं, आणि रात्री गाड्या कुठल्या वाटेने येतात, एवढंच सांगितलंत. सर गप्प झाले. गावाला उघड करायची नसलेली माहिती राखून ठेवता येते, हे त्यांनीच मग आम्हाला समजावलं. त्या रकान्यात आता फक्त ‘गावाकडे नोंद आहे’ असं लिहिलंय. आमच्या सगळ्या कामातली ती सर्वांत शहाणी ओळ असेल.

बियांचं आठवतंय ना? रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळींच्या जागी इथलीच झाडं लावायची तर बी राईतूनच यायला हवं, आणि राईतलं काही बाहेर न्यायचं नाही. तुम्ही वाट काढलीत. ‘पोरं उसनं नेतायत, रोपं करून परत देतील,’ असं देवीला सांगितलंत. कौल लगेच उजवा! तो तुम्ही जरा घाईने वाचलात अशी मला शंका आहे.

तर उसनवारीचा हिशेब: बेहडा छान रुजलाय, बकुळही. किंजळीचं बी बरंचसं पोकळ निघालं, तिची रोपं मोजकीच आहेत. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की घेऊन येतो. कमी पडतील ती पुढच्या वर्षीची तुकडी देईल, तेवढं आईच्या कानावर घालून ठेवा. काकूंच्या भागाची वेगळी प्रत मोठ्या अक्षरांत छापून घेतलीय, चष्म्याशिवाय वाचता येईल अशी. ती त्यांच्याच हातात देणार आहे, तुम्ही मध्ये घेऊ नका.

तुमची,
सहाणेपाशी थांबलेल्यांपैकी एक