गुंठाभर जागा कायद्यात बसवून द्या साहेब

मा. महसूलमंत्री साहेब, नमस्कार.

मी सातपूर एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला आहे. श्रमिकनगरला भाड्याच्या दोन खोल्या, 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की भाडं वाढतं. नाशकात फ्लॅट आपल्याला झेपत नाही हे मान्य करून दोन वर्षं झाली मी आणि मिसेस रविवारी गाडीवर महिरावणी, दुगाव, गिरणारे असं जागा बघत फिरतोय.

गिरणाऱ्याला टोमॅटो मार्केटच्या पुढे एकाने गुंठा दाखवला. चुन्याची फक्की मारलेली, चार कोपऱ्यांना सिमेंटचे पोल, 1089 स्क्वेअर फूट. मिसेसने तिथंच पावलं टाकून किचन इकडं, न्हाणी तिकडं असं ठरवूनपण टाकलं. मग कागद विचारले तर म्हणे खरेदीखत होणार नाही, नोटरी करून देतो, सातबारा आमच्याच नावावर राहील. कारण काय तर तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडू न देणारा 1947 चा कायदा, जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठ्यांच्या खाली खरेदी होत नाही. साहेब, 10 गुंठ्यांचे पैसे असते तर मी फ्लॅटच घेतला असता ना. आणि नोटरीवर बँक लोन देत नाही, मग माणूस पीएफ काढतो, सोनं मोडतो आणि आयुष्याची कमाई एका स्टॅम्पपेपरवर लावतो.

शेती वाचावी म्हणून कायदा केला हे पटतं, द्राक्षबागा तोडून प्लॉट पाडा असं मी अजिबात म्हणत नाही. 2025 मध्ये जुने गुंठे नियमित करायचा निर्णय झाला तोही चांगलाच. पण ज्याने अजून घेतलंच नाही, नियमाने घ्यायचंय, त्याने काय करायचं? तुमच्याच जमीन महसूल संहितेत कलम 42-ड आणलं, गावठाणापासून 200 मीटरच्या आतली जमीन रहिवासासाठी बिनशेती धरायची सोय केली. तिथं सरकारनेच मोजणी करून, रस्ता-गटार-पाण्यासकट एकेक गुंठ्याचे प्लॉट पाडून द्या, शेतकऱ्याला रास्त भाव द्या, गावातल्या पोरांना पहिला नंबर द्या, उरले तर आम्हाला.

आणि त्या गावांना रात्रीची एसटी किंवा सिटी बस द्या. ते खातं तुमचं नाही, पण कॅबिनेटमध्ये शब्द टाका. सेकंड शिफ्ट सुटते साडेअकराला, तेव्हा गावाकडं जायला काहीच नसतं आणि पावसाळ्यात त्या अंधाऱ्या रस्त्याने रोज टू-व्हीलर मारायची म्हणजे घरचे जागेच राहतात.

एजंटचा दर आठवड्याला फोन येतो, लोकं घेऊन टाकतायत, तुम्हीच मागं राहाल म्हणतो. आम्ही अजून टोकन दिलेलं नाही. किती थांबायचं तेवढं कळवा.

आपला,
सातपूरचा एक कामगार