सर, तुमच्या लाल पेन्सिलीसाठी

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

शाळेतल्या इतिहास प्रदर्शनासाठी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा फलक लिहायला घेतला, तेव्हा अर्ध्या तासात उरकेल असं वाटलं होतं. ‘लोकमान्य टिळकांनी 1880 मध्ये शाळा काढली’ हे माझं पहिलंच वाक्य. कागद तुमच्याकडून परत आला, तेव्हा ‘टिळकांनी’भोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं आणि समासात दोनच शब्द: ‘एकट्यांनी का?’

त्या दोन शब्दांसाठी तुमचे मनापासून आभार मानायचे आहेत.

मग सलग चार रविवार तुमच्या ओसरीवर बसून तुम्ही मला ती शाळा शिकवलीत. सरकारी शाळेतली नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर तेव्हा 29 वर्षांचे, टिळक 23 वर्षांचे. सोबत माधवराव नामजोशी. 1 जानेवारी 1880 ला शाळा सुरू झाली. वामन शिवराम आपटे लवकरच येऊन मिळाले, पुढच्या वर्षी आगरकर आले. त्याच 1881 च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. इथपर्यंत मला थोडंफार ठाऊक होतं. पण तुम्ही विचारलंत, “बाई, 1882 साली फळ्यासमोर कोण उभं होतं?” आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मार्चमध्ये विष्णुशास्त्री गेले, वयाची बत्तिशीही पुरी झाली नव्हती. जुलैमध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणांवर ‘केसरी’-‘मराठा’त केलेल्या टीकेवरून झालेल्या मानहानीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. शाळेला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. एक संस्थापक काळाने नेलेला, दोन मोठे शिक्षक गजाआड. अशा वेळी पालकांनी मुलं काढून घेतली असती, तरी त्यांना कोण बोल लावणार होतं? तरीही शाळा चालू राहिली. त्याच साली इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे आपट्यांनी साक्ष दिली, आणि खुद्द हंटरसाहेबांनी शाळा पाहून तिची तोंडभरून स्तुती केली. मी स्वतः रोज तास घेते, म्हणून सांगते, हे वाचताना अंगावर काटा आला. तुरुंगाची गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगते. त्या दिवसांत शाळेत हजेरी कोण घेत होतं, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश मी कॉलेजात कितीदा चाळला असेन! 1890 साली तो निघाला, आणि 1892 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, आपटे गेले. तो कोश एका शाळामास्तराने लिहिला, हे तुम्ही तुमची जीर्ण प्रत माझ्या हातात ठेवलीत तेव्हा खऱ्या अर्थाने उमगलं. नामजोशींचं तर मला नावही धड ठाऊक नव्हतं. संस्थेसाठी संस्थानिकांकडे जाऊन देणग्या मिळवणाऱ्यांत हे गृहस्थ पुढे होते.

1884 ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 चं फर्ग्युसन कॉलेज मी फलकावर दोन ओळींत आटोपलं आहे. सोसायटीच्या आजीव सदस्यांच्या, म्हणजे संस्थेच्या कामाला वाहून घेतलेल्या शिक्षकांच्या, मतभेदांना मात्र जागा दिली. टिळकांनी 1890 मध्ये राजीनामा दिला हे झाकू नका, असं तुम्ही बजावलं होतंत. माणसं भांडली म्हणून त्यांचं काम लहान होत नाही, हे तुमचं म्हणणं मला पटलं.

सोमवारी फलक लागला. पाचही नावं एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत. आठवीतली एक मुलगी बराच वेळ समोर उभी होती. मग तिने विचारलं, “बाई, नामजोशी कोण?” तुम्ही त्या वेळी तिथे हवे होतात, सर.

तुमचा कोश येत्या रविवारी घेऊन येते. पाठीची शिवण उसवली होती, ती बांधणीवाल्याकडून नीट करून घेतली आहे. आतले पेन्सिलीचे जुने कागद होते त्याच पानांत ठेवले आहेत.

आपली नम्र,
इतिहासाच्या बाई